एक डोंगर चिरोट्याचा, एक कलाकंदाचा

किचनच्या ओट्यासाठी दगड शोधायला म्हणून आईला घेऊन उदयपूरला गेले. तळी, महाल, कठपुतळ्या सगळं बघितलं. पण लक्षात राहिले ते रस्त्याकडेचे दोन दगड. एकाला पदर सुटलेले, दुसरा रवाळ...

तर झालं असं, की डोंबिवलीत वन बीएचके घेतला. चावी मिळाली, ईएमआय सुरू झाला आणि आमच्या घरातलं पहिलं महायुद्ध पेटलं ते किचनच्या ओट्यावरून. मला हवा होता पांढराशुभ्र मार्बल. त्यावर एक तुळशीची कुंडी, एक कॉफी मग, खिडकीतून येणारं ऊन... तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय ते? इंटिरिअरच्या मासिकांमध्ये असतं तसं.

फोनवर आई एवढंच म्हणाली, "आपण हळद खातो गं."

आई साताऱ्याजवळच्या गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून रिटायर झाली. बाबा गेल्यापासून एकटीच आहे. खरं सांगायचं तर हा फ्लॅट घेतला तोच मुळी तिला इकडे आणायचं म्हणून. आणि बाईसाहेब यायला तयार नव्हत्या. "बघू गं", "दिवाळीनंतर बघू", "आंब्याला मोहोर आलाय, आत्ता कशी येऊ?" मग मी आयडिया केली. म्हटलं, ओटा तुझ्या पसंतीचा. चल, थेट दगडांच्या गावालाच जाऊ.

कॉलेजातली एक मैत्रीण जिऑलॉजी शिकून उदयपूरला नोकरीला आहे. राहायची सोय फुकट, वर गाइडही फुकट. वांद्रे टर्मिनसहून गाडी पकडली.

पोह्यांचा डबा आणि साबुदाण्याचा डबा

मैत्रिणीच्या घरी पोहोचल्यावर मी आमचा ओट्याचा वाद तिच्यासमोर मांडला. ती म्हणाली, "मार्बल घ्यायचा की नाही, हे ठरवण्याआधी मार्बल म्हणजे काय ते तरी बघ. काकू, तो पोह्यांचा डबा द्या जरा. आणि साबुदाण्याचाही."

शाळेच्या भूगोलात आपण तीन ओळी पाठ केल्या होत्या, आठवतंय? अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित खडक. तिसरा प्रकार पेपरात दोन मार्कांपुरता यायचा. कारण आपला सह्याद्री सगळा लाव्हाचा, काळ्या बेसॉल्टचा. रूपांतरित खडक बघायचे तर आपल्याकडे खाली सिंधुदुर्गात नाहीतर पार नागपूर-भंडाऱ्याकडे जावं लागतं. उदयपुरात मात्र ते दाराबाहेरच असतात.

रूपांतरित म्हणजे आधी काहीतरी दुसरंच असलेला. जमिनीच्या पोटात खूप खोल गाडला गेलेला, तापलेला, दाबला गेलेला, पण न वितळलेला दगड. तापमान दोनशे अंशांपासून सातशे-आठशे अंशांपर्यंत जातं. पूर्ण वितळला तर मग तो अग्निजन्यांच्या खात्यात जमा! हा तसा नाही. हा घनच राहून आतल्या आत बदलतो. जुनी खनिजं जातात, नवी तयार होतात, कण नव्याने रचले जातात.

मैत्रिणीने एका पारदर्शक डब्यात पोहे भरले, वरून तळव्याने दाबत दाबत डबा हलवला. वेडेवाकडे पडलेले पोहे हळूहळू आडवे झाले, एकावर एक बसले. "हा अभ्रक," ती म्हणाली. "पोह्यासारखा चपटा. दाब एका बाजूने जास्त आला, की हे सगळे कण दाबाला आडवे होऊन एका दिशेने झोपतात. नवे वाढतात तेही त्याच दिशेने. दगडाला पदर सुटतात. इंग्रजीत फोलिएटेड म्हणतात."

मग तिने साबुदाणा तसाच दाबला, हलवला. काही झालं नाही. गोल दाण्याला कुठली आली दिशा? "हा मार्बल. कॅल्साइटचा दाणा सगळीकडून साधारण सारखाच. त्याला तापवा, दाबा, दाणे मोठे होतील, एकमेकांत घट्ट अडकतील, पण पदर सुटणार नाहीत. हा नॉन-फोलिएटेड."

आई इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "म्हणजे एक चिरोटा आणि एक कलाकंद."

मैत्रिणीने टाळीच दिली तिला.

नखाने निघणारा डोंगर

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. उदयपूरहून उत्तरेला नाथद्वाऱ्याच्या रस्त्याने राजसमंद साधारण पासष्ट किलोमीटर. शहर सोडलं की लगेच अरवलीच्या टेकड्या सुरू होतात. रस्ता रुंद करताना कापलेल्या डोंगराची कड एका ठिकाणी उन्हात चक्क चमकत होती, रेशमी साडी वाळत घातल्यासारखी. गाडी थांबवली.

हा फायलाइट. मूळचा समुद्रातला बारीक चिखल. आईने कडेला पडलेला एक तुकडा उचलला आणि पोळीचा पदर सोडवावा तसा नखाने सोडवला. पातळसा पापुद्रा हातात आला! "अगं, हा तर खारी बिस्किट आहे," आई म्हणाली. बोटांना चंदेरी भुकटी लागली. तो अभ्रक, डोळ्याला सुटा दिसणार नाही इतका बारीक.

मैत्रिणीने तिथेच उभ्या उभ्या चिखलाचं अख्खं करिअर सांगितलं. चिखल दाबून कडक झाला की शेल. त्याला थोडी उष्णता आणि एका बाजूचा दाब मिळाला की स्लेट, म्हणजे आपल्या पाटीचा दगड. अजून मिळाला की फायलाइट. त्याच्याही पुढे शिस्ट. त्यात अभ्रकाचे पापुद्रे सुटे सुटे दिसतात, उन्हात लुकलुकतात. आणि प्रमोशनची शेवटची पायरी नाइस. नाइसमध्ये काळे-पांढरे पट्टे वेगळे होतात, दगड पुन्हा टणक होतो आणि पापुद्रे सहज निघत नाहीत. मेवाडच्या या भागात असे पट्टेदार नाइस आहेत, त्यातले काही तीन अब्ज वर्षांहूनही जुने. अरवलीचा चिखल त्यांच्यावर नंतर साचला.

एक गंमत मात्र इथेच कळली. मला वाटायचं, हे पदर म्हणजे तळाशी साचलेल्या गाळाचेच थर. तसं नाही! गाळाचे जुने थर वेगळे आणि दाबाने आलेले हे पदर वेगळे. कधी कधी एकाच दगडात जुना थर एका दिशेला आणि नवे पदर त्याला तिरके छेदून दुसऱ्याच दिशेला जातात. दगड फुटतो तो नव्या पदरांवर. म्हणजे लहानपणी काय साचलं त्यापेक्षा नंतर कुठून दाब आला, ते जास्त ठरवतं. ऑफिसातल्या मंडळींनी हे वाक्य डेस्कवर चिकटवायला हरकत नाही.

पदर ही दगडाची सोय, तशीच त्याची खोडही. त्यामुळेच हिमाचलात धरमशाळेकडे घरांवर स्लेटची छपरं बसली. छिन्नी लावली की दगड वहीच्या पानासारखा उलगडतो. आणि त्यामुळेच डोंगरात रस्ता कापताना इंजिनिअरला आधी बघावं लागतं, की पदर कुठल्या बाजूला कललेत. पदर रस्त्याच्या बाजूला उतरते असतील आणि त्यात पावसाचं पाणी शिरलं, तर पत्त्यांचा कॅट हातातून निसटावा तसा डोंगर घसरतो. हिल स्टेशनला सेकंड होम बुक करण्याआधी बाल्कनीच्या व्ह्यूबरोबर मागच्या डोंगराचे पदरही बघा, एवढंच सांगते.

तळ्याकाठचा कलाकंद

राजसमंद जवळ आलं तसा रस्त्याचा रंगच बदलला. दोन्ही बाजूंना पांढरे ढीग, पांढरी झाडं, पांढरे ट्रक. मार्बलच्या फळ्या पुस्तकांसारख्या ओळीने उभ्या. खाणी म्हणजे पायऱ्या पायऱ्यांचे प्रचंड खड्डे. वरून बघताना खालची क्रेन खेळण्यातली वाटते.

पण आधी तळं. महाराणा राजसिंह यांनी १६६२ ते १६७६ या काळात हे बांधून घेतलं. त्याच्या बांधावरचा नौचौकी घाट अख्खा पांढऱ्या संगमरवराचा आहे. उतरत्या पायऱ्या, मंडप, तोरणं, आणि छतांवर, खांबांवर नक्षी अशी, की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. देवळ्यांमध्ये बसवलेल्या २५ काळ्या शिळांवर रणछोड भट्टांनी रचलेली राजप्रशस्ती कोरली आहे, मेवाडचा इतिहास सांगणारं अख्खं संस्कृत काव्य!

मैत्रिणीने तुटलेल्या एका कडेजवळ नेऊन दाखवलं. ताजा तुटलेला मार्बल साखरेच्या वडीसारखा दिसतो. बारीक दाणे, प्रत्येक दाण्यावर एक छोटी चमक. आईने नख लावून बघितलं. पदर नाही. "रवाळ आहे," ती म्हणाली. "तूप चांगलं कढलं की येतो ना तसा रवा."

हा मार्बल मूळचा चुनखडीच्या जातीचा, समुद्रातच साचलेला. म्हणजे चिखलाचा शेजारीच. त्याच्या वाट्यालाही तोच अरवलीचा दाब आला, तीच उष्णता आली. एकाला पदर सुटले, दुसरा रवाळ झाला. फरक पोटात काय होतं याचा. वाळूच्या खडकाचंही असंच. त्यातले गारेचे दाणे एकमेकांत जिरून क्वार्टझाइट होतो. अरवलीच्या ज्या कडा ताठ उभ्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच याच्या. दिल्लीची रिजसुद्धा याचीच. दाब कमी आणि नुसती धग जास्त असेल, उदाहरणार्थ शेजारी तप्त शिलारस येऊन बसला, तर चिखलालाही पदर सुटत नाहीत. तो भाजून घट्ट, बिनपदराचा होतो. त्याला हॉर्नफेल्स म्हणतात.

पदर नसल्याचा फायदा कारागिराला. छिन्नी कुठल्याही दिशेने चालवा, दगड अचानक पापुद्र्यावर फुटून दगा देत नाही. १६३२ साली काम सुरू झालेल्या ताजमहालासाठी मकराण्याचा मार्बल गेला तो यासाठीच. आपल्या संभाजीनगरचा बीबी का मकबरा १६६० च्या सुमारास उभा राहिला, त्याचा मार्बलही राजस्थानातूनच बैलगाड्यांनी आला. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने मार्बलने लादलेल्या तीनशे गाड्या वाटेत पाहिल्याचं लिहून ठेवलंय. पण दख्खनपर्यंत मार्बल आणायचा खर्च केवढा! म्हणून मकबऱ्याचा घुमट मार्बलचा आणि बाकी बराचसा भाग आपला बेसॉल्ट आणि चुन्याचा गिलावा. बजेट कमी पडलं की काय करायचं, हे तेव्हाही माहीत होतं तर.

पण म्हणून पदराच्या दगडात शिल्पं होतच नाहीत असं समजू नका. गांधार शैलीचे बुद्ध शिस्टमधलेच आहेत. उदयपूरजवळच्या तनेसरला सापडलेल्या सहाव्या शतकातल्या मातृका हिरवट शिस्टच्या आहेत आणि जगातल्या मोठ्या म्युझियम्समध्ये जाऊन बसल्या आहेत. कारागिराला पदर ओळखून काम करावं लागतं, इतकंच.

लिंबू, खिळा आणि एक उघडा नळ

आता खरेदी. गोडाऊनमध्ये शिरलो आणि माझे डोळे फिरले. पांढरा, गुलाबी, करडा, आणि एक गर्द हिरवा. "ग्रीन मार्बल, मॅडम. केसरियाजी का." मैत्रीण कानात पुटपुटली, "हा मार्बलच नाही. सर्पेंटाइनचा दगड आहे. पॉलिश होतो म्हणून बाजारात सगळ्यालाच मार्बल म्हणतात." उलट आपल्या गावाकडच्या ओट्याचा काळा कडप्पा आणि अंगणातली शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचेच, पण मार्बल न झालेले, गाळाचेच राहिलेले.

मग आईने पर्समधून लिंबू काढलं. होय, घरून आणलेलं! आमच्याकडे बाबांनी कधीतरी टूरवरून आणलेला संगमरवरी पोळपाट आहे. त्यावर मी एकदा लिंबू चिरलं होतं, तिथला चट्टा अजून गेलेला नाही. आंबटाने मार्बल खाल्ला जातो, त्याची चकाकी मरते. दुकानदार हसला, म्हणाला, "हमारे पत्थर पे कुछ नहीं होगा, माताजी." त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. राजसमंदचा मार्बल बराचसा डोलोमाइटचा, तो मकराण्याच्या कॅल्साइटपेक्षा आंबटाला सावकाश दाद देतो. पण देतो. आणि लोखंडी खिळ्याने दोघांवरही ओरखडा उठतो. क्वार्टझाइटवर उठत नाही, उलट तोच काचेवर ओरखडा पाडतो. नख, खिळा, लिंबू. दगडाच्या दुकानात जाताना एवढी तीन हत्यारं पुरेत.

मी शेवटचा डाव टाकला. "मग तो नवीन क्वार्टझ घेऊ? डाग पडत नाही, पांढराही मिळतो." म्हणजे गारेची पूड आणि रेझिन एकत्र दाबून बनवलेली फळी. आजकाल प्रत्येक सॅम्पल फ्लॅटमध्ये तीच असते.

मैत्रीण थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. कापणाऱ्या मुलांच्या छातीत धूळ बसते म्हणून. सिलिकोसिस. बरा होत नाही." गारेची, म्हणजे सिलिकाची धूळ इतकी बारीक असते, की फुप्फुसात जाऊन बसली की निघत नाही. मार्बलच्या धुळीत हा सिलिका तुलनेने बराच कमी. क्वार्टझाइट, वाळूचा खडक, ग्रॅनाइट, स्लेट यांच्या धुळीत भरपूर. खाणींचं राज्य म्हणून राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी वेगळं धोरणच आणलं.

आणि मग तिने मंदसौरचं सांगितलं. येताना सकाळी आमची गाडी तिथूनच आली होती. मी स्टेशनवर चहा घेतला होता. आपण पाटीवर जिने गिरवलं ती पेन्सिल मंदसौरची. थरांचा मऊ दगड, करवतीवर कोरडाच कापायचा, बंद शेडमध्ये. १९८० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथले कामगार तपासले, तर निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. त्यात तरुण कितीतरी.

आई खुर्चीवर बसली. चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग. दर जूनमध्ये पेन्सिलींचे खोके. "मुलं पेन्सिल खायची," ती म्हणाली. "मी ओरडायचे, दात खराब होतील म्हणून. मला वाटायचं, पेन्सिलीने होऊन होऊन एवढंच वाईट होत असेल."

दुकानाच्या मागे फळ्या कापायचं मशिन चालू होतं. आई उठून तिकडे गेली. पातं दगडावर फिरत होतं आणि त्यावर पाण्याची धार पडत होती. पांढरं दुधासारखं पाणी खाली वाहत होतं. पाण्याने धूळ उडत नाही, जागच्या जागी बसते. एवढी साधी गोष्ट, एक उघडा नळ. आई बराच वेळ तिथे उभी राहिली. मग परत आली आणि दुकानदाराला म्हणाली, "पोळपाट है?"

तर आम्ही राजसमंदहून आणलं काय? एक पोळपाट आणि देवघराखाली घालायला एक दीड फुटी मार्बलची फळी. देवाला लिंबू चिरायचं नसतं. ओटा? काळा ग्रॅनाइट. जो शेजारच्या सगळ्या फ्लॅटमध्ये आहे तोच. एवढा प्रवास करून मी तिथेच पोहोचले आणि महायुद्ध आईने जिंकलं.

परवा फॅब्रिकेटर माप घ्यायला आला. आईला व्हिडिओ कॉल लावून दिला. त्याला वाटलं, रेटवरून घासाघीस करतील काकू. आई म्हणाली, "पाणी सोडून कापता ना, बाळा? की कोरडंच?" तो गोंधळला. म्हणाला, "साइटवर कडा कोरड्याच घासतो, काकू." आई म्हणाली, "मग कारखान्यातच पाण्याखाली घासून आणा. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. आणि तोंडाला नुसता रुमाल बांधू नका, चांगला मास्क घ्या. पैसे लावा बिलात."

तो बरं म्हणाला. जायला निघाला, तेवढ्यात फोनमधून पुन्हा आवाज आला.

"आणि ऐका, ओट्याची उंची दोन इंच कमी ठेवा. मी हिच्यापेक्षा बुटकी आहे."

कसं जाल, काय बघाल?

वांद्रे टर्मिनसहून उदयपूरला थेट रेल्वे आहे, मुंबईहून विमानही आहे. राजसमंदची ट्रिप एका दिवसात होते, वाटेत एकलिंगजी आणि नाथद्वारा करता येतं. नौचौकीला सकाळी लवकर जा, ऊन चढलं की पांढऱ्या दगडाकडे बघवत नाही. खाणीत परवानगीशिवाय शिरू नका. रस्त्याकडेच्या कापलेल्या डोंगराजवळ थांबायचं असेल तर गाडी सुरक्षित जागी लावा. आणि बॅगेत एक लिंबू असू द्या.